दोन ग्रॅमचा लोड

घरी बसलेला नवरा आणि मशीनमध्ये अडकलेला धागा, दोन्ही ओढून सुटत नाहीत, असं टेलरबाई म्हणत. धाग्यासाठी निदान कात्री तरी असते.

टेलरबाई म्हणजे गल्लीतल्या कपड्यांच्या डॉक्टर. नवीन कपडे त्या शिवत नसत. सैल झालेलं आवळायचं, आखूड झालेलं लांबवायचं, फाटलेलं कुणाला दिसणार नाही असं जोडायचं, हे त्यांचं काम, आणि ते घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली चाले. तिथंच एक लाकडी खुर्ची होती. आयुष्यभर ती गिऱ्हाइकांची खुर्ची होती. नवरा कामावरून कायमचा घरी आला आणि ती नवऱ्याची झाली. गिऱ्हाइकं उभी राहू लागली.

नवऱ्याला सगळे क्रेनवाले म्हणत. उंच इमारती बांधताना डोक्यावर जी पिवळी क्रेन फिरत असते, तिच्या माथ्याजवळच्या काचेच्या खोक्यात हा माणूस उभा जन्म बसलेला. जेवणाचा डबासुद्धा दोरीनं वर जायचा. गावातून चालताना बोट दाखवून म्हणायचा, ‘‘हे हॉस्पिटल मी उचललं. ती पाण्याची टाकी मी उचलली.’’ जणू गवंडी, सुतार, लोखंडवाले सगळे नुसते बघायला आले होते. अजून चारेक वर्षं नोकरी बाकी असताना एका संध्याकाळी तो घरी आला, डबा मोरीत ठेवला आणि म्हणाला, ‘‘उद्यापासून जाणार नाही. मजा राहिली नाही.’’ बस. एवढंच. जन्माच्या कामाला एवढी दोन वाक्यं.

मग सुरू झालं उंटावरून शेळ्या हाकणं. खुर्चीतून उठायचं नाही, पण टेलरबाईंनी कापड मशीनखाली सरकवलं की, ‘‘थोडं डावीकडे घे. हां. आता सरळ.’’

‘‘अहो, पडदा आहे हा. सिमेंटचा खांब नाही.’’

‘‘वाकडं जातंय म्हणून सांगितलं.’’

‘‘जाऊ दे वाकडं! तुम्ही कुठंतरी जा!’’

त्यात तो शर्टांचा छळ. क्रेनवाले अलीकडे शर्ट बनियनसारखा डोक्यातून घालू लागले होते. बटणं लावलेलीच, वरची दोन तेवढी उघडी. डोकं मोठं, गळा लहान. दर धुण्याला तिसरं बटण तुटून यायचं. टेलरबाई लोकांची कामं बाजूला ठेवून ते लावत आणि तोंडाचा पट्टा सोडत. ‘‘लहान मूल परवडलं. त्याला निदान शिकवता येतं. बटण काढून शर्ट घालायला काय हात झडतात?’’ क्रेनवाले खिडकीबाहेर बघत. माणूस वरून खालचं न ऐकण्यात तरबेज होता. तो म्हणायचाच, ‘‘वर बसलेल्यानं आरडाओरडा ऐकायचा नसतो. खाली दहा जण ओरडत असतात. सिग्नलवाल्याचा हात दिसेल तेवढंच खरं.’’ घरात सिग्नलवाला नव्हता, त्यामुळे घरात काहीच खरं नव्हतं.

शेवटी लेकीनं तोडगा काढला. लेक लग्न होऊन पलीकडच्या वस्तीत राहायची आणि जावयाला मासे धरायचा नाद होता. ‘‘आई, बाबांना तळ्यावर पाठव. हल्ली ते अल्ट्रालाइट म्हणतात ना, त्यात जोर लागत नाही. काडीएवढा रॉड, केसाएवढा दोरा, आणि आमिष म्हणून पत्र्याचा नाहीतर रबराचा खोटा मासा, दोन ग्रॅमचा. पाण्यात फेकायचा, हळूहळू ओढायचा. मासा फसला तर फसला, नाहीतर सोडून द्यायचा. दिवसभर बाहेर राहतील.’’

दिवसभर बाहेर, हे दोन शब्द ऐकून टेलरबाई लेकीवर जन्मात पहिल्यांदा इतक्या खूश झाल्या. दुसऱ्याच दिवशी त्या नवऱ्याला घेऊन मासे धरायच्या सामानाच्या दुकानात गेल्या.

दुकान चिंचोळं होतं. दोन्ही भिंतींना रॉड उभे, काउंटरवर रिळं, आणि काचेखाली रंगीबेरंगी खोटे मासे मण्यांसारखे मांडलेले. दुकानदार कानावर पेन्सिल ठेवणारा, सडपातळ, बोलायला गोड. निदान त्या दिवशी तरी गोड होता.

त्यानं सगळ्यात बारीक रॉड काढून क्रेनवाल्यांच्या हातात दिला. क्रेनवाल्यांनी तो आडवा धरला, एक डोळा मिटून शेंड्याकडे बघितलं आणि हलवला. शेंडा लवलवला.

‘‘नापास,’’ क्रेनवाले म्हणाले. ‘‘लोड लागायच्या आधीच वाकतोय.’’

‘‘काका, तो वाकायलाच बनवलाय. आमिष हलकं ना, मग शेंडाच त्याला उडवतो. ताठ रॉडनं दोन ग्रॅम जाणारच नाही.’’

‘‘क्रेनचा हात असा वाकला म्हणजे अपघात. तो जाड दाखवा.’’

मग दोऱ्यावर गाडी आली. दुकानदारानं बारीक लाइनचं रीळ पुढं केलं. हा दोरा दोन किलोला तुटतो, म्हणाला. तळ्यात मासा केवढा? फार तर पाव किलोचा. म्हणजे भरपूर झालं. क्रेनवाल्यांनी मान हलवली. ‘‘दहापट पाहिजे. शिवाय झटक्याचं वेगळं, वाऱ्याचं वेगळं, दोर जुना होतो त्याचं वेगळं.’’

‘‘काका, तुटला तर मासा जातो. कुणाच्या डोक्यात पडत नाही.’’

‘‘सगळे असंच म्हणतात, पडेपर्यंत.’’

टेलरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण दोन माणसांमध्ये बोलायचं नाही म्हणून त्या गप्प बसल्या, आणि ताठ रॉड, भलं मोठं रीळ आणि जाडजूड दोरा घेऊन वरात बाहेर पडली. दुकानदार दारापर्यंत आला. ‘‘काकू, या दोऱ्यानं गाय बांधता येईल,’’ तो हळूच म्हणाला.

तळं गावाबाहेर, बंद पडलेल्या विटांच्या भट्टीमागं. काठावर सिमेंटच्या पायऱ्या, पलीकडे झुडपं. नवरा एकटा कुठं धडपडायला नको म्हणून टेलरबाई पहिल्या दिवशी बरोबर गेल्या, आणि वेळ वाया जायला नको म्हणून कुणाच्या तरी पँटची घडी उसवायला घेऊन गेल्या. क्रेनवाल्यांनी रॉड मागं नेला आणि दणकून फेकला. दोन ग्रॅमचा चमचमता मासा त्यांच्या बुटापाशी टपकन पडला. दुसऱ्यांदा फेकला, तो टेलरबाईंच्या पिशवीत गेला. पलीकडच्या पायरीवर एक म्हातारा मासे धरत होता, त्यानं सभ्यपणे तोंड फिरवलं.

परत दुकान. जाड दोरा उतरला, बारीक चढला. ताठ रॉड गेला, लवलवता आला. दुकानदार ‘मी म्हणालो होतो’ असं म्हणाला नाही, पण पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली. आणि खरंच, आता आमिष उडालं. असं उडालं की टेलरबाईंच्या हातातली पँट थांबली. फेकणं हे खांद्याचं आणि नजरेचं काम. पलीकडच्या झुडपाखाली जिथं सांगाल तिथं क्रेनवाले तो इवलासा पत्रा नेऊन ठेवू लागले. टेलरबाईंना वाटलं, सुटले. उद्यापासून खुर्ची गिऱ्हाइकांची.

कसलं काय! दिवसभर एक मासा नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं चार धरून सोडले, तेच पाणी, तसंच आमिष. घरी येऊन क्रेनवाले म्हणाले, ‘‘रॉड मुका आहे.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘काही सांगतच नाही. मासा टोचा मारतो तेव्हा हाताला टक् लागायला पाहिजे. हा गप्प. बदलून घे.’’

बदलला. दुसराही मुका निघाला. तिसरा आणला, तो त्याहून मुका. रिळावर संशय आला, रॉडच्या मुठीवर आला, मग आमिषाच्या रंगावर आला. दुकानदाराचा गोडवा आटत चालला होता. आता टेलरबाई लांबून दिसल्या की तो आत काहीतरी शोधायला जाई. टेलरबाईंच्या तर नाकी नऊ आले. मशीनवर कपड्यांचा ढीग, आणि त्या रॉड काखेत मारून रस्त्यानं चालताहेत. ओळखीची माणसं विचारताहेत, ‘‘काय टेलरबाई, आता मासे आल्टर करता का?’’

तिसऱ्या रॉडच्या दिवशी त्या तळ्यावर बसल्या होत्या, तेव्हा पाण्यावर आडवी पडलेली लाइन त्यांना एकदम उडाल्यासारखी दिसली. धागा कपड्यात अडकून सुटावा तशी.

‘‘अहो! ओढलं काहीतरी!’’

‘‘कुठं? मला काही नाही लागलं.’’

‘‘दोरा हलला. मी बघितलं.’’

‘‘वारा असेल. रॉडच बेकार आहे म्हणतोय ना मी.’’

मग मात्र टेलरबाईंचा ताबा सुटला. ‘‘नाचता येईना अंगण वाकडं! तीन अंगणं बदलली, आता चौथं कुठून आणू? तो शेजारचा म्हातारा काय जादूटोणा करतो? तुम्हाला जमत नाही, एवढं एकदा म्हणा आणि घरी चला!’’

क्रेनवाले भांडले नाहीत. हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं, पण टेलरबाई इतक्या तापल्या होत्या की तिकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. क्रेनवाल्यांनी दोरा गुंडाळला आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच दुकानात गेल्या. दुकानदारानं रॉड बघितला, मग त्यांच्याकडे बघितलं आणि हात जोडले. ‘‘काकू, पाया पडतो. हा माझ्या दुकानातला सगळ्यात बोलका रॉड आहे. धरा. अशी मूठ धरा, बोट दांड्यावर टेकवा. आता डोळे मिटा.’’

टेलरबाईंनी मिटले. तळहातात टक् झालं. मग दोनदा, टक् टक्. इतकं स्पष्ट, की दारावर कुणीतरी आल्यासारखं.

‘‘मी शेंड्याला नखानं मारलं,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘नुसत्या नखानं. आता सांगा, मुका कोण?’’

तो चिडून बोलला होता, आणि त्याला कशाचीच कल्पना नव्हती. टेलरबाईंनी रॉड परत घेतला. घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं, पण त्याला नाव देण्याची त्यांची तयारी नव्हती.

क्रेनवाले खुर्चीत होते. ‘‘हा नवीन,’’ टेलरबाई खोटं बोलल्या. ‘‘धरा. बोट दांड्यावर टेकवा. डोळे मिटा. मी शेंड्याला मारते, लागलं की सांगा.’’

त्यांनी बोटात शिवताना घालायचा पत्र्याचा अंगुस्ताना चढवला आणि शेंड्यावर टिचकी मारली. मग आणखी एक. तिसरी तर अशी मारली की शेंडा थरथरत राहिला.

क्रेनवाले डोळे मिटून शांत बसले होते. ‘‘मार ना मग,’’ ते म्हणाले. ‘‘किती वेळ बसू?’’

टेलरबाई तशाच उभ्या राहिल्या. समोर मशीनवर क्रेनवाल्यांचा निळा शर्ट होता, तिसरं बटण लावायचं राहिलेला. गल्लीतल्या कुणाची पँट ढिली झाली की तो आजारी आहे हे त्यांना त्याच्या बायकोच्या आधी कळायचं. कुठल्या पोरीनं ब्लाउज स्वतःहून सैल करायला दिला की त्यांना पुढचं सगळं कळायचं. आणि स्वतःच्या घरातलं एक बटण त्यांनी पन्नास वेळा लावलं, पन्नास वेळा शिव्या दिल्या, पण तो माणूस बटण काढत का नाही, हे विचारलं नाही. त्यांना त्याचा राग आला, स्वतःचाही आला, आणि दोन्ही राग त्याच्यावरच निघाले.

‘‘कधीपासून?’’

क्रेनवाल्यांनी डोळे उघडले. शेंड्याजवळ अंगुस्ताना दिसला आणि काय झालं ते त्यांना कळलं.

‘‘काय कधीपासून?’’

‘‘अहो, ताकाला जाऊन भांडं आता तरी लपवू नका! बोटांना कळत नाही तुमच्या. कधीपासून कळत नाही?’’

क्रेनवाले आपल्या हातांकडे बघू लागले. ‘‘काम सोडलं त्याच्या आधीपासून. त्या दिवशी वर लोखंडाचा गठ्ठा होता. सिग्नलवाल्यानं थांब म्हणून पंजा आडवा केला. मला वाटलं, क्रेनचा दांडा मी सोडला. सोडला नव्हता. हातात आहे की नाही, हेच कळलं नाही. गठ्ठा पुढं गेला, खालची पोरं पळाली. कुणाला काही झालं नाही. मी उतरलो.’’

‘‘आणि मला सांगितलंत, मजा राहिली नाही.’’

‘‘मग काय सांगू? जन्मभर लोकांच्या डोक्यावरून हत्ती नेले, आता शर्टाचं बटण लागत नाही, असं सांगू?’’

‘‘हो! असंच सांगायचं! डॉक्टरला तरी दाखवलंत?’’

‘‘दाखवलं. नसा गेल्यात म्हणाला. गेलं ते यायचं नाही, उरलंय ते सांभाळा.’’ त्यांनी रॉडच्या शेंड्याकडे बघितलं. ‘‘अल्ट्रालाइट म्हणाली ना पोरगी, म्हणून वाटलं, इतकं नाजूक सामान आहे, एखाद्या रॉडमधून तरी येईल काहीतरी बोटाला. म्हणून बदलत होतो.’’

टेलरबाई रडल्या. रडता रडताच त्यांनी तो निळा शर्ट ओढला आणि बटण लावायला बसल्या, कारण नुसतं बसणं त्यांना येत नव्हतं. सुईत दोरा ओवायला मात्र तीनदा प्रयत्न करावा लागला.

बटण झाल्यावर त्या एकदम म्हणाल्या, ‘‘वर काचेत बसून तुम्हाला लोडचा टक् लागायचा का हो हाताला?’’

‘‘वेडी आहेस का? दोर कुठं, हात कुठं. तिथं हाताला काही कळत नाही.’’

‘‘मग कसं चालवायचात?’’

‘‘सिग्नलवाल्याचा हात बघून.’’

असं म्हणून क्रेनवाल्यांनी मान वर केली. टेलरबाई अंगुस्ताना काढून चप्पल शोधत होत्या.

दुकानदारानं त्यांना आत येताना बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. ‘‘काकू, आता पाचवा रॉड माझ्याकडे नाही.’’

‘‘रॉड राहू दे. लाइन दाखवा. सगळे रंग काढा.’’

राखाडी, हिरवी, पांढरी, सगळी रिळं काउंटरवर आली. टेलरबाईंनी एकेक दोरा वीतभर ओढला, दारातल्या उजेडात नेला, आपल्या गडद हिरव्या ओढणीवर आडवा धरून बघितला. राखाडी दोन पावलांवर दिसेनाशी झाली. पांढरी उजेडात विरघळली. भगवी राहिली, भडक, कपड्यावर टाचून ठेवल्यासारखी.

‘‘ही भरा.’’

‘‘काकू, एवढी भडक? माशाला दिसेल ना.’’

‘‘माशाला दिसू दे. मला दिसली पाहिजे. टोकाला हवं तर हातभर बिनरंगी जोडून द्या.’’

दुकानदारानं रीळ भरायला घेतलं. बाईच्या डोळ्यांत त्याला काय दिसलं कोण जाणे, पण त्यानं गाठ मारताना दोनदा तपासून बघितली.

घरी त्या संध्याकाळी शिकवणी झाली. बोट वर करून गोल फिरवलं, म्हणजे उचल. बोट खाली करून फिरवलं, म्हणजे खाली घे. पंजा आडवा, म्हणजे थांब. बोट फिरताना दुसरा तळवा त्यावर धरला, तर हळू. क्रेनवाले इतके कडक मास्तर निघाले की टेलरबाईंना पहिल्या पाठाचाच पश्चात्ताप झाला. ‘‘बोट असं लुळं नको. सिग्नलवाला घाबरला, की वरचा घाबरतो.’’

‘‘मी काय पोटापाण्याला करत्येय का हे? दिसलं ना बोट? झालं!’’

‘‘आणि तोंडानं बोलायचं नाही. मी ऐकणार नाही.’’

‘‘ते मला माहितीये! तेवढं एक मला पूर्वीपासून माहितीये!’’

सकाळी क्रेनवाले अंगात शर्ट अडकवून मशीनपाशी येऊन उभे राहिले. बटणं सगळी उघडी, हात बाजूला. टेलरबाईंनी खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावलं. ‘‘पोट आत घ्या,’’ तेवढं म्हणाल्या.

तळ्यावर त्या दोन पायऱ्या खाली, बाजूला उभ्या राहिल्या, जिथून क्रेनवाल्यांना त्यांचा हात दिसेल. शिवण नव्हती आणली. भगवी लाइन पाण्यावर आडवी पडली होती आणि टेलरबाई तिच्याकडे बघत होत्या, टीप कुठं सुटते ते बघतात तशा. ऊन चढलं. मान अवघडली. शेजारचा म्हातारा एकसारखा त्यांच्याकडे बघत होता, त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं जागाच बदलली. हा कसला खेळ, त्या मनात म्हणाल्या. मासा धरायचा त्यानं आणि पाय दुखायचे माझे.

आणि लाइन उडाली.

टेलरबाईंचं बोट वर गेलं. त्याच क्षणी रॉड वर गेला, शेंडा वाकला आणि वाकलेलाच राहिला. क्रेनवाल्यांची नजर पाण्याकडे नव्हतीच. ती टेलरबाईंच्या हातावर होती, आणि तीस वर्षांत त्यांनी बायकोकडे एवढं लक्ष देऊन बघितलेलं टेलरबाईंना आठवत नव्हतं. लाइन ताणली, पंजा आडवा, रीळ थांबलं. लाइन सैल, बोट गोल, रीळ फिरलं. हळू. हळू. एकदासुद्धा चूक नाही. बोटभर लांबीचा चंदेरी मासा पाण्यातून वर आला, हवेत तरंगत आला आणि क्रेनवाल्यांच्या समोर अलगद थांबला.

आमिषाला एकच गळ होता, टोकाला उलटा काटा नसलेला, तो टेलरबाईंनी सोडवला. क्रेनवाल्यांनी हात ओला करून मासा मुठीत घेतला. घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला.

‘‘अगं, मी दाबतोय का याला? बघ. मला कळत नाहीये.’’

मासा तडफडत होता आणि ते घाबरले होते. लोखंडाचे गठ्ठे हलवणारा माणूस बोटभर माशाला घाबरला होता.

‘‘सोडा! पाण्यात सोडा!’’ टेलरबाई ओरडल्या.

ते हलले नाहीत. त्यांची नजर टेलरबाईंच्या हातावर खिळली होती. टेलरबाईंच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी बोट खाली केलं आणि गोल फिरवलं, वर दुसरा तळवा. क्रेनवाले गुडघ्यावर बसले आणि मूठ हळूहळू खाली नेली, पाण्यापर्यंत, पाण्यात. पंजा आडवा. मूठ थांबली. पण मूठ उघड, याला खूण नव्हती. लोड खाली टेकला की हूक सोडवायचं काम खालच्या माणसाचं, ते वरच्याला करताच येत नाही, हे काल संध्याकाळी मास्तरांनीच सांगितलं होतं. टेलरबाईंनी बाही न सावरताच पाण्यात हात घातला आणि नवऱ्याची बोटं एकेक करून उघडली.

क्रेनवाले आपल्या उघड्या तळव्याकडे बघत राहिले. पाणी गढूळ झालं होतं, काही दिसत नव्हतं.

‘‘गेला का?’’

‘‘गेला.’’

‘‘चांगला होता ना?’’

‘‘चांगला! जाताना शेपटी मारली त्यानं, माझ्या तोंडावर पाणी उडवलं. आणि उठा आता, पँट भिजवलीत गुडघ्यापर्यंत. फेका परत. मी उभी आहे.’’